पस्तीसच्या वर, ऐंशीच्या खाली

ती पोरगी कागदांचा गठ्ठा घेऊन डायलिसिसच्या खोलीत शिरली, तेव्हाच मी सावध झाले. दवाखान्यात कागद घेऊन कुणी हसत हसत आलं की मला धडकीच भरते. हसून मागितलेली सही लय महागात पडते, हे मी तीन वर्षांत शिकलेय.

तीन वर्षं झाली आमचे हे मशीनवर आहेत. दोन्ही किडन्या गेल्या. अंबडच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं टर्नर होते, आता मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळचे चार तास डाव्या हातात दोन सुया घेऊन पडून राहतात. सरकारी योजनेतून फुकट होतं म्हणून निभतंय. खोलीत मशीन सहा आणि बाहेर नंबर लावून बसलेले कितीतरी. आपली वेळ एकदा गेली की पुन्हा मिळेल याची हमी कुणी देत नाही. मशीन गेलं तर माणूस जेमतेम दहा-बारा दिवसांचा, हे मला पहिल्याच महिन्यात कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून ती भीती माझ्या उशालाच असते.

माझं तोंड फटकळ आहे, लपवत नाही. आणि ह्यांना तोंडच नाही. त्यामुळे कुणीही काही विचारलं की उत्तर मीच देते. जेवले का, झोपले का, पाय सुजलेत का, सगळं मीच सांगायचं. हे नुसते छताकडे बघत असतात. आमचं असंच चाललं होतं.

त्या पोरीचं नाव वेदिका. नर्सिंग कॉलेजची. जुनाट आजार असलेल्या माणसांचं जगणं कसं चाललंय ते मोजायचंय, म्हणाली. मी मनात म्हटलं, तराजू आणलायस का गं बाई? तर तिच्याकडे प्रश्न होते. चालताना त्रास होतो का, अंघोळ स्वतःची स्वतः करता का, दुखतं का, मनाला घोर लागतो का. प्रत्येकाला पाच उत्तरं, अजिबात नाहीपासून असह्यपर्यंत. आणि शेवटच्या पानावर एक उभी पट्टी, ताप मोजायच्या नळीसारखी, खाली शून्य आणि वर शंभर. आज तब्येत कितीवर आहे तिथं बोट ठेवायचं.

पहिल्याच दिवशी तिनं तीन नंबरच्या बेडवरच्या सखुबाईला विचारलं. सखुबाई पेठकडची, डोंगरातली. पहाटेची एसटी पकडून सुनेबरोबर यायची. बोलणं अगदी कमी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पट्टीवर खाली, पार खाली बोट टेकवलं. वीस. वेदिकानं लिहून घेतलं आणि तेवढ्यात तिला कुणी हाक मारली म्हणून ती गेली. बाकीच्यांचं नंतर घेते म्हणाली.

शुक्रवारी आम्ही गेलो तर तीन नंबरवर भलताच माणूस झोपलेला. सखुबाई कुठाय विचारलं तर सिस्टर घाईत होती, तिची वेळ दुसऱ्याला दिलीय, एवढंच म्हणाली.

समोरच्या बेडवर मनोज असतो. मोबाइलचं दुकान आहे त्याचं, वय पस्तीस-छत्तीस, आणि जगातलं सगळं त्याला ठाऊक. त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. दारावरचा कागद वाचलात का मावशी, म्हणाला. वाचला होता मी. या महिन्यात योजनेची कार्डं तपासणार, रेशनकार्ड आणि आधार घेऊन या, असं होतं त्यावर. मग तो हळूच म्हणाला, "मावशी, ही पट्टी म्हणजे मार्क आहेत. पस्तीसला पास. सखुबाईंना वीस पडले, नापास."

त्याचं म्हणणं असं की पस्तीसच्या खाली गेलं की शेरा बसतो, या माणसावर खर्च करून उपयोग नाही. आणि फार वर जाऊनही चालत नाही. ऐंशीच्या पुढं सांगितलं की हा तर बरा झाला, आठवड्यातून एकदा पुरे. म्हणून साठ ते पासष्ट सांगायचं. खोलीत कुणीच हसलं नाही. आपल्याकडे पस्तीस म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही सहा बेडांची माणसं, कुणी दहावी पास, कुणी नापास, कुणी शाळेचं तोंड न बघितलेलं, सगळ्यांनी ते मुकाट मान्य केलं. मी तर सगळ्यात आधी.

घरी येऊन मी ह्यांची तयारी घ्यायला लागले. डाळ निवडता निवडता विचारायची, चालताना त्रास होतो का? हे म्हणायचे, होतो. मी म्हणायची, होतो नाही म्हणायचं, थोडासा म्हणायचं. पुन्हा सांगा. मग ते थोडासा म्हणायचे. मनाला घोर लागतो का? यावर ते गप्प बसायचे, तर मी ओरडायची की अहो, अजिबात नाही म्हणा, तोंड उघडून म्हणा. अजिबात नाही, असं ते म्हणायचे. आकडा बासष्ट ठरवला. साठ म्हटलं की पाठ केल्यासारखं वाटतं, असं माझं डोकं.

आणि नेमकं त्याच दिवसांत ह्यांचं बिघडत चाललं होतं. जिना चढताना पहिल्या मजल्यावरच बसले. पावलं इतकी सुजली की चपलेचा पट्टा बसेना. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून तीन दिवस भिंतीला उश्या लावून बसूनच झोपत होते. याचा अर्थ काय ते मला कळत होतं. अंगात पाणी साठलं की असंच होतं. पण पाणी तर मी मोजून देते! दिवसाला एक लिटरची बाटली, मी स्वतः भरते, मीच मोजते. मग हे पाणी आलं कुठून? मला वाटलं, आता मशीन लागू पडेनासं झालं. आणि हे डॉक्टरला कळलं तर तेही तेच म्हणतील, उपयोग नाही. मी देवापुढं बसले आणि ह्यांना बजावलं, उद्या तिथं दम लागतो म्हणून एक अक्षर काढायचं नाही. हे बरं म्हणाले.

मंगळवारी वजन केलं. दोन वेळांच्या मध्ये एरवी दोन-अडीच किलो वाढतं, त्या दिवशी साडेचार. सिस्टर माझ्यावर डाफरली. मी बिनदिक्कत सांगितलं, निफाडला पुतणीचं लग्न होतं, जेवणं झाली. कसलं लग्न आणि कसलं काय, दवाखाना सोडला तर आठवडाभर उंबरा ओलांडला नव्हता आम्ही. थाप मारताना जीभ अडखळली नाही माझी.

सुया टोचल्या, मशीन सुरू झालं आणि वेदिका स्टूल ओढून आमच्या बेडजवळ बसली. पहिल्या प्रश्नाला मी उत्तर दिलं तर म्हणाली, काकू, काकांना बोलू द्या ना. बोलू दे म्हटलं. हे बोलले. थोडासा. नाही. अजिबात नाही. सगळं शिकवल्याप्रमाणे. फक्त दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायला थांबत होते, आणि ती पोरगी लिहायचं सोडून त्यांच्या छातीकडे बघत होती. पट्टीवर त्यांनी बासष्टला बोट ठेवलं. आडवं झोपता येतं का, असं तिनं मध्येच विचारलं. ते तिच्या कागदावर नव्हतं. येतं की, मी म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली.

मग तिनं शेवटचा प्रश्न वाचला. गेल्या चार आठवड्यांत, हे सगळं थांबवावं, जगणं नको, असं कधी वाटलं का?

हा प्रश्न मनोजला माहीत नव्हता, सखुबाईपाशी तो यायच्या आधीच ही पोरगी उठून गेली होती. आम्ही याची तयारी केली नव्हती. ह्यांनी तोंड छताकडे फिरवलं. मशीनचं चाक फिरल्याचा आवाज तेवढा येत होता. मी म्हटलं, नाही, लिही नाही. ती लिहीना. मी आवाज चढवला, अगं लिही ना, नाही म्हणून.

"वत्सला," हे म्हणाले, "तू जरा बाहेर जा."

एकतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी चारचौघांत मला नावानं हाक मारली नव्हती. मी जागची हलले नाही. हलताच येईना. मग त्यांनी माझ्याकडे न बघता त्या पोरीला सांगितलं.

"रोज वाटतं. आता पाणी मोजून पीत नाही मी. अंघोळीला गेलो की नळाला तोंड लावतो. तहान लागते म्हणून नाही."

मला ते कळलं आणि कळू नये असंही वाटलं. जो दम मी तीन-चार दिवस लपवत होते, तो दम हा माणूस स्वतः आणत होता. मला न सांगता निघून जायच्या तयारीत होता, आणि मी रोज त्यांच्याकडून अजिबात नाही असं वदवून घेत होते. कुणाला काही कळू नये याची व्यवस्था मीच करून दिली होती. लोक विष देतात तर निदान ठरवून तरी देतात, मी मूर्खासारखी मदत करत बसले.

तरी माझं तोंड काय म्हणालं माहितेय? मी त्या पोरीचा हात धरला आणि म्हटलं, हे लिहू नको गं, सखुबाईसारखं ह्यांचं मशीन काढून घेतील. एवढं ऐकूनही मला मशीनचीच भीती. लाज वाटते आता सांगताना.

वेदिका आधी गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं. "काकू, सखुबाई वरच्या मजल्यावर आहेत. वीस का म्हणाल्या म्हणून मी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी तपासलं. छातीत पाणी होतं. त्यांना तिकडेच डायलिसिस चालू आहे." असं म्हणून ती उठली आणि अक्षरशः पळतच डॉक्टरांकडे गेली. मनोज पलंगावर अर्धा उठून बसला होता. तो पार पांढरा पडला होता. त्यानंही बासष्ट-त्रेसष्टच ठरवलं असणार.

डॉक्टर आले. छातीला नळी लावून ऐकलं, बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन सुरू केला. एका दमात एवढं पाणी काढता येत नाही, मशीनवर जास्त वेळ ठेवावं लागेल आणि वर भरती करावं लागेल, म्हणाले. मला वाटलं, आता विचारतील की लग्न कुठं होतं. पण ते माझ्याशी बोललेच नाहीत. स्टूलवर बसून ह्यांना म्हणाले की तुमची तयारी असेल तरच. मी तोंडात पदराचा बोळा कोंबला. हे बराच वेळ डोळे मिटून होते, आणि ते उघडतील की नाही इतकी मला भीती वाटली.

"आज चालेल," हे म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टर आणि एक समुपदेशक बाई त्यांच्याशी तासभर बोलल्या. मला बाहेर बसवलं. एरवी मी दाराला कान लावला असता. त्या दिवशी दारापासून लांब, लिफ्टपाशी जाऊन बसले. मला ऐकायचं नव्हतं. तीन वर्षांत ह्यांना कसं वाटतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं, मी फक्त ह्यांचं कसं आहे ते सांगत सुटले होते. एका परक्या पोरीनं कागदावरून वाचून विचारलं, तेव्हा माझा नवरा बोलला.

आठ दिवस वर ठेवून काल संध्याकाळी घरी सोडलं. पावलांची सूज उतरलीय, आडवे झोपलेत. बाथरूमच्या दाराला कडी लावायची नाही, एवढं त्यांनी कबूल केलंय. ते आत असले की मी बाहेर उभी राहते आणि नळाचा आवाज ऐकते. बंद झाला की माझा श्वास सुटतो. त्यांना ते कळतं.

आज गुरुवार. दुपारी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. सकाळपासून विचारायचं होतं, धीर होत नव्हता. बाकी कुणाला मी घाबरत नाही, सिस्टरला नाही, डॉक्टरला नाही, पण माझ्याच नवऱ्याच्या उत्तराला घाबरले. अहो, म्हटलं, उद्या यायचं ना? येणार ना तुम्ही?

मी घाई केली नाही, आणि हो म्हणा असं सांगितलं नाही. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला, परत आला.

"उद्या येतो," हे म्हणाले. "मंगळवारचं मंगळवारी विचार."

बरं म्हटलं मी. मग स्वयंपाकघरात जाऊन मंगळवारला किती दिवस आहेत ते बोटांवर मोजलं. पाच होते. पुन्हा मोजले, तरी पाचच.