डावीकडचे ठिगळ

सुरजागडच्या रानात सापडलेला विमानाचा नळ्यांचा सांगाडा तिथल्या सुकलू नावाच्या शेतकऱ्याने चार बल्ल्यांवर चढवला होता आणि धानावर नजर ठेवायला त्याचे मचाण केले होते. खुशालला ते रास्त वाटले. यंत्र मुळात टेहळणीसाठीच घडवलेले होते.

खुशाल गडचिरोलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवी. गेली आठ वर्षे तो लष्कराचे एकच हलके विमान शोधत होता, याच रानात नाहीसे झालेले. इंजिनाच्या बैठकीवरून सांगाडा ‘ऑस्टर’ जातीच्या विमानाचा नव्हे, हव्या त्या ‘कृषक’ जातीचा, एवढे ठरले होते. पण कृषक विमाने पुष्कळ होती. हवे त्या विमानाची खूण एकच: दारालगतच्या नळीला गोळी लागली होती आणि तिथे ठिगळ जोडले होते.

“ये लवकर! तुहा पिक्चर हिट झाला गा!” मचाणावरून देवराव ओरडला. तो आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवी. या शोधातला खुशालचा एकमेव सोबती.

खालूनच दिसले: डाव्या नळीवर ठिगळ होते. चार बोटे लांब, कडा गोल. खुशालने जुन्या फोटोवरून वहीत काढलेल्या आकृतीबरहुकूम.

खुशाल उजवीकडे गेला. तिकडची नळी गंजलेली, पण अखंड होती.

“तिकडं काऊन पाहून राह्यला?”

“माही वही तुह्याकडं कधीपासून आहे?”

“दिवाळीपासून. काऊन?”

“मागच्या हप्त्यात तो फोटो भिंगाखाली पाह्यला. पायलटच्या शर्टाची बटनं उलट्या बाजूनं. फोटोच उलटा छापला आहे, देवराव. ठिगळ उजवीकडं पाह्यजे. हे अजून कोणालेच सांगितलं नाई.”

देवराव सावकाश खाली उतरला.

“आठ वर्षं हिंडून राह्यला होता तू. मले वाटलं, एकदाचं भेटावं तुले. तुह्याचसाठी केलं गा.”

“माह्यासाठी?”

“मंग का मिनिस्टरसाठी?”

खुशालने हात पुढे केला. देवरावने पिशवीतून वही काढून दिली. उंचीमापकाची तबकडी, शेपटीच्या चाकाची बेचकी, पेट्रोलच्या टाकीचे झाकण. प्रत्येक नोंदीखाली खुशालने कृतज्ञतेने लिहिले होते: ‘आणून दिले – देवराव.’

“यातलं काय काय बनवलं?”

देवरावने खुशालच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली, वही आपल्याकडे ओढली आणि खुणा करायला पहिले पान उघडले.