बेव्हनच्या मोटारसायकलवरच्या सॉकेटची फिर्याद

बेव्हन ट्रेलोरला तुम्ही मारलंत. तुमचं नाव मी घेत नाही, कारण तुम्ही नाव लावतच नाही. तुमच्या प्रत्येक हुकमाखाली नुसतं 'कार्यालय' असतं. चौकशीला तुमची माणसं आली, माझ्यात मीटरच्या दोन सुया खुपसल्या, "सॉकेट ठीक आहे," म्हणाली आणि गेली. मला कुणी काही विचारलं नाही. म्हणून न विचारता सांगतो.

मित्रांनो, मी मोटारसायकलच्या हँडलजवळ बसवलेला एक जुना सॉकेट आहे. वर रबराचं झाकण, आत पितळेची नळी, बुडाशी दोन तारा. बॅटरीतली वीज माझ्यातून जाते आणि जे मला जोडाल त्याला मिळते. माझं स्वतःचं काही नाही. मी नुसती वाट.

गाडीबरोबर मी आलो नव्हतो. मला बसवलं ते बेव्हनच्या बायकोनं, ग्लेनिसनं. जमीन, मेंढ्या, गाडी, घर, सगळं तुमच्या कंपनीचं. त्या तांबड्या रानात ही दोघंच, आणि निप नावाची म्हातारी कुत्री. छतावर चढलं तरी दुसरं घर दिसत नसे. लोकर कातरायच्या शेडमध्ये ग्लेनिसनं गाडीच्या पत्र्याला भोक पाडलं आणि तारेचं आवरण दातानं सोललं.

"फोन मेला, रेडिओ मेला, किती वर्षं ऐकू हे? यापुढे उत्तर आलं नाही तर समजेन की तूच मेलास."

"तुझ्या तोंडाला चार्जिंग लागत नाही, तेवढं बरंय."

"वटवट बंद कर आणि तार धर, आळशा. चावीच्या तारेला जोडतेय. चावी बंद केली की हाही बंद. तू विसरलास तरी बॅटरी जिवंत राहील."

अशी मला अक्कल देऊन तिनं मला कामाला लावलं.

माझं काम एकच होतं, रेडिओ. डोंगरावरच्या एरियलच्या खांबामुळे सगळ्या रानात तो ऐकू येई. मेंढ्यांमागे हात मोकळे नसत, म्हणून बेव्हन बोलायचा कमी. ग्लेनिस घरच्या रेडिओवरून काही सांगायची आणि तो माईकचं बटण दोनदा दाबायचा. खट, खट. त्या मुलखात सगळेच तसं करतात. दोन खटके म्हणजे 'ऐकलं, ठीक आहे'. तीन खटके म्हणजे 'अडचण आहे, ये'. तीन मी कधी ऐकले नव्हते.

ते माझे चांगले दिवस. पाहुणे आले की बेव्हन माझं झाकण उघडून दाखवायचा, जसं काही मी त्याचं पोर आणि मला नवा दात आलाय.

मग तुमचा हुकूम आला. 'एकही स्वार हरवता कामा नये.' हुकमाबरोबर एक काळी पेटी आली. गाडी कुठे आहे ते ती आभाळातल्या उपग्रहांना विचारणार आणि घरच्या पडद्यावर हिरवा ठिपका दाखवणार. मेंढ्या मोजायचा टॅबलेट आला. एका सॉकेटात सगळं बसावं म्हणून तीन तोंडांची जोडणी आली. पेटीची पिन पोलादी पट्टीनं माझ्यावर आवळली आणि वर सील ठोकलं. तुमच्या माणसानं मला चावीच्या तारेवरून सोडवून थेट बॅटरीला जोडलं. पेटी कधीच बंद पडता कामा नये म्हणे.

ग्लेनिसनं तुम्हाला फोन केला. "अहो, ही गाडी दिवसभर मेंढ्यांच्या चालीनं चालते. चालीनं चालणारं इंजिन वीज बनवणार किती, आणि हे सगळे पिणार किती?"

"पडद्यावर ठिपका दिसतोय ना, मॅडम?"

"दिसतोय."

"मग झालं तर."

मी तापू लागलो. झाकण फाटलं, धूळ आत आली. पुसायला कुणाला सवड नव्हती. पण खरं सांगू? ग्लेनिसला तो ठिपका आवडायचा. शिवणकाम करताना ती पडदा समोर ठेवायची. बेव्हन दुपारी घराकडे वळला, प्रत्येक फाटकाशी थांबला, पुन्हा निघाला, हे सारं तिला दिसायचं.

त्या दुपारी ऊन भाजत होतं. एक मेंढी कळप सोडून कोरड्या नाल्यात उतरली आणि बेव्हननं गाडी तिच्यामागे घातली. काठ ढासळला. आम्ही खाली आलो. इंजिन बंद पडलं, गाडी त्याच्या पायावर आडवी. आधी ओरडला, मग त्या मेंढीला अशा शिव्या दिल्या की मलाच हसू आलं.

नाला खोल होता. पेटीला आभाळ सापडेना. न सापडलं तर शोधत राहायचं, एवढंच तिला शिकवलेलं. वासरू आटलेल्या सडाला ढुशा देतं तशी ती मला ओढू लागली. थेंब थेंब करून सगळी वीज तिच्या पोटात चालली.

तेवढ्यात रेडिओ बोलला. "बेव्ह, आज वेळेवर वळलास की! लांबच्या फाटकाशी दिसतोयस."

बेव्हननं मान वळवून नाल्याच्या भिंतीकडे पाहिलं. "फाटकाशी कोण आहे गं?" तो म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

मित्रांनो, रेडिओला ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला भरपूर. बटण दाबताच माझ्यातला जीव गेला, रेडिओ विझला, पुन्हा लागला. बाहेर पडला तो फक्त एक खट. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा एक खट.

"ऐकलंस ना? बरं. चहा टाकते."

"नाही गं, ग्लेन! ते 'ठीक आहे' नव्हतं, मी..." तो मुक्या माईकमध्ये ओरडत होता.

तिसरा खटका हवा होता. बॅटरीला जरा विसावा मिळाला असता तर दमल्या बैलासारखी ती एकदा उठली असती. हे त्याला ठाऊक होतं. त्यानं चावी फिरवली. काही बंद झालं नाही, कारण तुम्ही मला चावीपासून तोडलं होतं. त्यानं टॅबलेटची पिन उपटली. मग दगड घेऊन त्या पोलादी पट्टीवर घाव घातले. हात जेमतेम पोचत होता. पट्टी हलली नाही. पेटी पीत राहिली.

"दुसरं फाटकही झालं," रेडिओ म्हणाला. "आज धूळ कशी दिसत नाही तुझी?"

थोड्या वेळानं: "अंगणात आलास. गाडीचा आवाज नाही आला."

मग: "बेव्ह, तू दारात आहेस. आत का येत नाहीस? निप दाराकडे बघून गुरगुरतेय. चेष्टा पुरे झाली."

नाल्यात एक पान हलत नव्हतं. बेव्हन हातातला दगड टाकून ऐकत होता.

"बेव्ह." आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी दार उघडलं. दारात कुणी नाही. पण ठिपका इथंच आहे, आणि निप मागं मागं सरकतेय. तू कुठे आहेस रे?"

"इथं आहे मी, इथं," तो म्हणाला आणि दोन्ही अंगठ्यांनी त्यानं बटण दाबलं. मी तळापासून खरवडून सगळं दिलं. खटकासुद्धा उमटला नाही. रेडिओ विझला. पेटीचा दिवा मात्र त्यानंतरही काही वेळ जळत होता.

पुढचं मी शेडमध्ये ऐकलं. गाडीसकट मला उचलून आणल्यापासून ग्लेनिस गाडीशेजारी उकिडवी बसून हेच सांगत असते, कधी निपला, कधी मला. तिनं तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "मॅडम, ते घरीच आहेत, ठिपका बघा." शोधायला विमान पाठवलं नाहीत. ती एकटी ठिपक्याच्या वाटेनं शोधत फिरली, आणि ठिपका त्या नाल्याकडून गेलाच नव्हता. ती पोचली तेव्हा कावळे आधी पोचले होते.

मग तुम्ही खुलासा केलात. संपर्क तुटला की यंत्र माणसाच्या रोजच्या सवयीवरून ठिपका पुढे चालवतं. रिकामा पडदा बघून घरची माणसं घाबरतात, म्हणून. केवढी तुमची दया! आणि शेवटी लिहिलंत की स्वारानं सॉकेटवर जास्त भार टाकला होता.

मित्रांनो, तुमच्या गाडीवर माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला हात लावून बघा. तापलाय का? चावी काढल्यावरही कोण पितंय त्याच्यातून? ज्याचं सील तुम्हाला तोडता येत नाही असं काही त्याच्यावर आवळू देऊ नका, मग ते तुमच्या भल्यासाठी आहे असं कुणीही सांगो.

आणि तुम्ही, कार्यालयवाले. गाडी शेडमध्ये मोडून पडली आहे. पेटी तुम्हीच काढून नेलीत. माझ्या तारा तोडलेल्या आहेत. तरी रोज दुपारी पडद्यावर हिरवा ठिपका लांबच्या फाटकाशी उमटतो, थांबतो, पुढे निघतो आणि दारात येऊन उभा राहतो. निप गुरगुरते. ग्लेनिस दार उघडते. सवय तुमच्या यंत्रात असेल, पण कुत्रीला पडदा वाचता येत नाही.

दारात कोण येतं? उत्तर द्या.