खडकी नावाचा कॅरेट

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुना कॅरेट आहे, निळ्या प्लॅस्टिकचा आणि एका कोपऱ्याला तुटलेला. द्राक्षांच्या हंगामात तुम्ही आम्हाला टेम्पोत एकावर एक रचलेले पाहिले असेल, आणि हंगाम सरल्यावर आम्हाला पालथे घालून आमच्यावर बसलाही असाल. बसणारा कधी आमचे नाव विचारत नाही. मला मात्र नाव आहे. ते एकदा बदलले, आणि ज्या सकाळी बदलले त्या सकाळी एक बाग जगणार की तुटणार याचा निकाल लागायचा होता.

माझ्या गोष्टीत वाईन आहे. ती मोठ्या माणसांची वस्तू, तिच्याकडे तुम्ही फिरकू नका. तिच्या नावाची भानगड तेवढी ऐका.

माझा जन्म सातपूरच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून गरमागरम बाहेर पडलो आणि थेट टोमॅटोच्या धंद्याला लागलो. देवळाली कॅम्पच्या बाजारात एका जवानाच्या बायकोने माझ्यातला टोमॅटो दाबून पाहिला आणि खुशीने मान हलवली. ती शाबासकी टोमॅटोची होती, पण मी ती माझीच मानली. पुढे टेम्पोतून पडलो, कोपरा तुटला, आणि मग कोणी माझ्यात कोंबड्या ठेवल्या, कोणी लग्नातले पेले. पडत्या काळात माणसाला काय काय करावे लागते, ते कॅरेटलाही करावे लागते. शेवटी जुन्या मालाच्या ढिगाबरोबर मी पिंपळदरे गावात भिमाजीशेठच्या वायनरीत आलो.

तिथे वाईन करण्याचे काम हर्षालीकडे होते. ती याच भागातली, द्राक्षवाल्यांच्या घरातली पोर. शिकून एक हंगाम जर्मनीत राबून आली होती. येताना तिने एक रिकामी बाटली आणली होती. बाटलीच्या मानेवर पंख पसरलेला गरुड होता आणि त्याच्या छातीशी द्राक्षाचा घड. ऑफिसच्या खिडकीत ती बाटली उभी असे.

एक दिवस लंकाबाई वजनकाट्यापाशी आल्या. गावाच्या वर त्यांचा उताराचा तुकडा होता, त्याला खडकी म्हणत. जमीन मुरमाड, पाणी थांबायचे नाव नाही. त्यात त्यांनी वाईनची द्राक्षे लावली होती. घड लहान आणि वजनाला हलके. भाव मात्र सगळ्यांना वजनावर एकच.

"हर्षाली, यंदाचं शेवटचं," लंकाबाई म्हणाल्या. "पुढच्या छाटणीला कात्री नाय, कुऱ्हाड लावते. खालच्या काळ्या रानात दुप्पट माल निघतो. मी खडकाशी किती दिस भांडू?"

"मावशी, एक हंगाम थांबा," हर्षाली म्हणाली, आणि तिने भिमाजीशेठना हाक मारली.

मग तिने आम्हा कॅरेटचाच मनोरा रचला. सगळ्यांत खाली एक ठेवला. "शेठ, जर्मनीतल्या बऱ्याच नावाजलेल्या बागायतदारांची एक संघटना आहे. त्यांच्या बाटलीवर हा गरुड असतो. हा खालचा कॅरेट म्हणजे त्या बागायतदाराच्या सगळ्या रानांतला माल, एकत्र केलेला. साधी, रोजची वाईन." त्यावर दुसरा ठेवला. "ही एकाच गावची. बाटलीवर गावाचं नाव." त्यावर तिसरा. "हे गावातलं एक चांगलं वावर. बाटलीवर वावराचं नाव." चौथा कॅरेट म्हणून तिने मला उचलले, कारण तुटक्या कोपऱ्यामुळे माझ्यावर ओझे ठेवता येत नव्हते. "आणि हे सगळ्यांत थोर वावर. त्याला ते ग्रोसे लागे म्हणतात. तिथल्या कोरड्या वाईनच्या बाटलीवर जी जी अशी दोन अक्षरं येतात."

"कोरडी म्हंजे? पाणी नसतं व्हय तिच्यात?" शेठनी विचारले.

"गोडी नसते. द्राक्षातली बहुतेक सगळी साखर आंबताना संपते. पूर्वी तिकडे फळात साखर जास्त तर दर्जा वरचा, असा हिशेब होता. पण कोरड्या वाईनमध्ये साखर उरतच नाही, मग मोठेपणा कशाचा सांगणार? म्हणून या लोकांनी जमिनीचा मोठेपणा सांगितला. कोणता उतार, कसली माती."

"आपल्याला गरुड परवडायचा नाय बाई."

"गरुड नको. खडकीचा माल वेगळा ठेवायला एक लहान टाकी द्या. चव वेगळी उतरली तर मावशींना वजनाचा भाव नको, खडकीचा भाव द्या."

भिमाजीशेठनी मिशी कुरवाळली. "एक टाकी. एकच साल. चव सारखीच निघाली तर पुन्हा विषय काढायचा नाय."

त्या दिवशी हर्षालीने आमच्यापैकी काहींवर पांढऱ्या रंगाने 'खडकी' लिहिले. मनोऱ्याच्या टोकावर बसून आल्यामुळे मी आधीच फुगलो होतो, त्यात हे नाव. शेजारच्या बिननावाच्या कॅरेटांशी मी बोलणेच टाकले.

मित्रांनो, आता त्या सकाळकडे येतो. पुढचा हंगाम, माघातली थंडी होती. उन्हाच्या आत द्राक्षे वायनरीत पोचायला हवीत, म्हणून लंकाबाईंच्या मजूर बायकांनी उजाडताच तोडणी धरली. टेम्पो रिझवानचा. पहिली खेप खडकीवरून नीट गेली. मी मात्र आदल्या दिवशीच भलतीकडे पोचलो होतो.

खडकीच्या पायथ्याला ओढ्याकाठी सावळीरामचे रान होते. सावळीराम म्हणजे लंकाबाईंचे चुलत दीर. पूर्वी हे सगळे एकच रान होते. भावाभावांत वाटण्या झाल्या, बांध पडला, पण नावाला बांध घालता येईना. वरचीही खडकी आणि खालचीही खडकीच राहिली. सावळीरामची द्राक्षेही त्याच जातीची आणि याच वायनरीला जाणारी, पण गावचा सगळा माल एकत्र होई त्या मोठ्या टाकीसाठी. त्यांना कॅरेट कमी पडले, म्हणून त्यांच्या माणसांनी बांधावरच्या आम्हा रिकाम्या कॅरेटांना उचलून नेले. त्यात कपट नव्हते. नाव वाचले, आपलेच समजले.

माझ्यात टपोरे, पाणीदार घड भरले गेले. दिसायला देखणे. पण मागच्या हंगामात मी खडकीची फळे वाहिली होती, त्यांचा हलकेपणा मला ठाऊक होता. हे घड खडकीचे नव्हेत, हे मला कळत होते आणि सांगता येत नव्हते. तेवढ्यात रिझवान दुसऱ्या खेपेला आला. त्याला फोनवर सांगितले होते, "खडकीचे कॅरेट उचल." त्याने पांढरी अक्षरे पाहिली आणि आम्हाला उचलले.

वायनरीत यंत्र घरघरत होते. त्याच्या तोंडात द्राक्षे ओतली की देठ एकीकडे आणि फळ लहान टाकीकडे जाई. एकदा आत मिसळलेले पुन्हा वेगळे काढता येत नाही. पहिल्या खेपेचे शेवटचे कॅरेट पालथे होत होते आणि त्यांच्यामागे आमची रांग लागली. मंगळू नावाचा कामगार एकेक कॅरेट उचलत होता. माझ्या पुढची रांग आखूड होऊ लागली. मला भीती वाटत होती, आणि लाजही. छातीवर खडकीचे नाव आणि पोटात दुसऱ्याच रानाचा माल. मी आत रिकामा झालो असतो तर चव वाहून गेली असती, आणि चवीबरोबर बागही.

माझी पाळी आली. मंगळूने उचलले आणि त्याचा हातमोजा माझ्या तुटक्या कोपऱ्यात अडकला.

"हा मोडका फेकून द्या ना ताई, दरवेळी आडवा येतो," तो वैतागला.

हर्षाली सोडवायला आली. तिने माझ्या बुडाला हात घातला, मोजा सुटला, आणि तिने सवयीने हात पांढऱ्या कोटाला पुसला. कोटावर काळा ओरखडा उमटला. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"मंगळूभाऊ, यंत्र बंद करा."

घरघर थांबली. भिमाजीशेठ धावत आले. "काय झालं? ऊन चढतंय."

"खडकीवर तांबडा मुरूम आहे. ही काळी माती कुठून आली?"

"माती ती माती. द्राक्ष एक, गाव एक, नाव एक. वत म्हणतो ना."

हर्षालीने ऐकले नाही. तिने रिकामे झालेले कॅरेट एकामागून एक उलटे केले. तांबडे बूड, तांबडे बूड, पुन्हा तांबडे. प्रत्येक कॅरेटबरोबर माझा जीव वरखाली होत होता. सगळे तांबडे निघाले. मग तिने आमची रांग पाहिली. आम्ही सगळे काळे.

"रिझवानभाऊ, हे कुठून उचलले?"

"सावळीरामदादांच्या खडकीतून," रिझवान गोंधळला. "तुम्हीच तर खडकी बोललात ना ताई?"

"तरी काय बिघडलं?" शेठचा आवाज चढला. "टाकी अर्धीच भरली. अर्ध्या टाकीत हवा शिरून वाईन बिघडते, हे तूच सांगतेस. हे वत आणि भर."

"शेठ, जर्मनीतही असंच झालं होतं. एखाद्या नावाजलेल्या रानाचं नाव आसपासच्या भलत्या रानांवर पसरवलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. घेणाऱ्याला कळेना की आपण काय पितोय. मग काही बागायतदारांनी स्वतःच रेघ मारली, की हा उतार इथवरच. आपण आज रेघ पुसली तर मावशींची बाग आपणच तोडली म्हणायची."

तोवर लंकाबाई आणि त्यांच्यामागोमाग सावळीरामही येऊन पोचले होते. सावळीरामनी सगळे ऐकले होते. त्यांचा चेहरा उतरला.

"मंग माझी खडकी खोटी का?" ते म्हणाले. "तसं आसंल तर माझा माल मी दुसरीकडं नेतो."

शेठ डोक्याला हात लावून बसले. तेव्हा लंकाबाई पुढे झाल्या.

"भाऊजी, खोटी नाय. पण तुमच्या आई, आमच्या आत्याबाई, त्या खालच्या अंगाला खडकी कधी म्हणल्या? आठवा. तिथं पाणी थांबायचं, जमीन दबलेली, खोलगट, म्हणून लवण. 'लवणात गुरं सोडू नका' म्हणून वरडायच्या."

सावळीराम हळूच म्हणाले, "लवण. व्हय. आई लवणच म्हणायची. वाटणीत नाव हुकलं."

"त्या नावात काय कमी हाय? लवणावरच तर दोन्ही घरं जगली."

हर्षाली म्हणाली, "सावळीरामकाका, तुमचा माल आधीपासून ठरला तसा गावच्या वाईनमध्ये जाईल. बाटलीवर पिंपळदरे असेल. तुमचं लवण त्यात नसेल तर गाव कसलं?"

सावळीरामनी तिच्याकडे पाहिले आणि रंगाचा डबा मागितला. मला आडवे पाडून त्यांनी 'खडकी'वर ब्रश फिरवला आणि शेजारी आपल्या हाताने लिहिले, 'लवण'. मनोऱ्याच्या टोकावरून मी दोन पायऱ्या खाली आलो. खरे सांगतो, तेव्हा वाईट वाटले. माझी द्राक्षे मोठ्या टाकीत गेली. खडकीचे होते तेवढेच, अर्ध्या टाकीऐवजी लहान पिंपांत काठोकाठ भरले गेले.

पुढे पावसाळा सरता सरता भिमाजीशेठनी त्या पिंपांतला एक घोट घेतला, दुसरा मोठ्या टाकीतला घेतला, आणि पुन्हा पहिला घेतला. मग लंकाबाईंना निरोप धाडला की खडकीचा भाव वेगळा. ऑक्टोबर छाटणीला लंकाबाई उतारावर गेल्या तेव्हा मी बांधावर होतो. त्यांच्या हातात काय आहे हे बघायला मी जीव मुठीत धरून बसलो होतो. कात्री होती.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. आम्हाला स्वच्छ धुवा, उन्हात टाकू नका, मोडका कोपरा दिसला म्हणून लगेच फेकू नका. आणि धुण्याआधी एकदा उलटे करून बघा, आम्ही कुठून आलो ते तिथे लागलेले असते. मी आता लवणाचा कॅरेट आहे. सावळीराम हंगामात मला शोधून काढतात, आणि माणसांना सांगतात, "तो आपला हाय, त्याच्यावर नाव हाय आपलं."