दोन खिडक्या आणि एक चिमटा

मी एक जुना चिमटा आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, केसांचाही नव्हे, तर कार्डाला भोक पाडणारा. माझ्या वरच्या जबड्यात एकच दात आहे आणि खालच्या जबड्यात तो दात नेमका बसेल एवढी खाच. तुम्ही हसाल, पण मित्रांनो, या एका दातावर मी आयुष्यभर नोकरी केली. बत्तीस दातांच्या माणसांनासुद्धा ते जमत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. तिथल्या कारागिराने माझा दात कानशीने घासून चांदणीच्या आकाराचा केला. मग त्याने मला लालभडक तापवलं आणि तेलात बुडवलं. तेव्हा मी इतका चरचरलो, की आजही आठवलं तर अंगावर काटा येतो. पण त्यानेच मला कणखर केलं. मी पाडलेलं भोक गोल नसतं, चांदणीचं असतं, आणि त्याची नक्कल कुणालाही करता येत नाही.

तिथून मी आलो आरोग्य विम्याच्या कचेरीत. कचेरीला दोन खिडक्या होत्या. डावीकडे मोफत विमा, ज्यांची कमाई अगदी तुटपुंजी त्यांच्यासाठी. उजवीकडे सवलतीचा विमा. तिथे थोडी बरी कमाई असलेल्यांनी निम्मा हप्ता भरायचा, उरलेला सरकार भरायचं. नियम साधा होता: एका माणसाला एकाच वेळी एकच विमा. मोफत विम्याच्या जागा मोजक्या. एकाने दोन कार्डं दाबून ठेवली, की बाहेरच्या बाकावर कुणीतरी रिकाम्या हाताने ताटकळत बसलंच म्हणून समजा. म्हणून डावीकडून उजवीकडे जाणाऱ्याचं जुनं कार्ड माझ्या तोंडात यायचं. मी चावलो, की ते कार्ड संपलं.

डाव्या खिडकीत मोठ्या बाई बसायच्या. कचेरीतल्या कात्र्यांना आणि पेनांना वरचेवर पाय फुटत, म्हणून त्यांनी मला सुतळीने टेबलाला बांधून ठेवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या अभिमानाने सांगत, "माझा चिमटा चावला, की विषय संपला." ते ऐकून मी फुगायचो.

उजव्या खिडकीत चष्मेवाले साहेब. दोन्ही खिडक्यांच्या मध्ये प्लायवूडची भिंत, आणि या दोघांमध्ये विळ्याभोपळ्याचं सख्य. कारण काय, तर पंखा! भिंत घातली तेव्हा कचेरीतला एकुलता एक पंखा साहेबांच्या बाजूला गेला. तेव्हापासून बाई घाम पुसत काम करायच्या आणि पलीकडे एक शब्द बोलायच्या नाहीत.

या अबोल्याचा त्रास मात्र तिसऱ्यालाच. कुणाला नोकरी लागली, की बाई त्याच दिवशी जुनं कार्ड मारून मोकळ्या. नवं कधी लागू होणार, हे विचारायला पलीकडे जातंय कोण? मधल्या काळात माणूस आजारी पडला, तर तेलही गेलं, तूपही गेलं. लोक काही खुळे नव्हते. ते जुनं कार्ड घरात लपवायला लागले आणि "हरवलं" म्हणून सांगायला लागले. "लबाड मेले!" म्हणून बाई चिडायच्या आणि माझा दात शिवशिवायचा.

अशातच एका सकाळी एक रंगारी खिडकीशी आला. हाताला रंग लागलेला, चेहरा उतरलेला. बरोबर त्याची मुलगी होती. तिच्या कानाच्या पडद्याला भोक पडलं होतं आणि दुसऱ्या कानानेही तिला जेमतेम ऐकू यायचं. ती बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघायची. शाळेत तिला सगळे "तंद्रीबाई" म्हणायचे.

"बाई, गुरुवारी पोरीच्या कानाचं ऑपरेशन आहे," रंगारी म्हणाला. "आणि दवाखान्यात सांगतात, एका नावावर दोन विमे दिसतात, म्हणून दोन्ही थांबवलेत. तारीख हुकली तर पुढचा नंबर कधी लागेल, देव जाणे."

"नवं घेतलंत तेव्हा जुनं का नाही जमा केलं?"

"भीती वाटली हो. आमच्या शेजाऱ्याने प्रामाणिकपणे जुनं दिलं, आणि नवं सुरू व्हायच्या आत शिडीवरून पडला."

"नियम तो नियम. आणा इकडे."

रंगाऱ्याने कार्ड टेबलावर ठेवलं, पण त्याची बोटं काही त्यावरून निघेनात. "घ्या. फक्त एवढं सांगा, गुरुवारी माझ्या पोरीला यातलं कुठलं चालेल?"

बाईंनी मला उचललं होतं. कार्ड माझ्या जबड्यात आलं होतं. पण नव्या कार्डाची तारीख तर भिंतीपलीकडे होती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली त्यांची. समोर ती मुलगी त्यांच्या ओठांकडे बघत उभी होती, उत्तराची वाट बघत.

आणि मग नवल घडलं. बाई भिंतीकडे तोंड करून ओरडल्या, "अहो, या रंगाऱ्यांचं नवं कार्ड कधीपासून लागू?"

पलीकडे खुर्ची करकरली. "मला विचारताय?"

"नाही, पंख्याला विचारतेय!"

"लागू पुढच्या एक तारखेपासून. पण कार्डावर मी, त्यांनी हप्ता भरला त्या दिवसाची तारीख टाकली. जुनं अजून चालू आहे, हे मला कुणी सांगितलं होतं?"

"म्हणजे मी आत्ता हे मारलं तर गुरुवारी पोरीकडे काहीच नाही."

"काहीच नाही," साहेबांचा आवाज एकदम उतरला.

बाई मला घेऊन तरातरा निघाल्या, तर सुतळी ताणली आणि त्या दारातच अडल्या. तशाच मागे फिरल्या, कात्री घेतली आणि सुतळी कापली. आयुष्यात पहिल्यांदा मी भिंतीपलीकडे गेलो. दोघांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि तारखा दुरुस्त केल्या. जुनं या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत, नवं एक तारखेपासून. ना एकावर एक चढलं, ना मध्ये फट राहिली. एवढी सोपी गोष्ट, पण ती करायला आधी एकमेकांशी बोलावं लागतं!

"पण जुनं कार्ड त्याच्याच हातात द्यायचं?" साहेब कुजबुजले. "तो कशाला परत आणून देतोय!"

"देईल. लावा पैज."

"हरलात तर?"

"तर पंख्याबद्दल जन्मात बोलणार नाही."

गुरुवारी ऑपरेशन झालं. महिना सरत आला. इकडे बाहेरच्या बाकावर धुणंभांडी करणाऱ्या एक मावशी रोज येऊन बसत होत्या. मोफत विम्याची एखादी जागा रिकामी होते का, एवढंच त्या विचारायच्या. शेवटच्या दिवशी कचेरी बंद व्हायची वेळ झाली, तरी रंगाऱ्याचा पत्ता नव्हता. साहेब घड्याळाकडे बघत होते, पण हसत नव्हते. बाई मला उगाचच फडक्याने पुसत होत्या.

इतक्यात दारात रंगारी दिसला. धापा टाकत, हातावर ओला रंग, बोटाला धरलेली मुलगी. "शेवटची भिंत राहिली होती, म्हणून उशीर झाला," म्हणत त्याने कार्ड टेबलावर ठेवलं. या वेळी बोटं लगेच निघाली.

बाईंनी मला त्या मुलीच्या हातात दिलं. तिने दोन्ही हातांनी जोर लावून मला दाबलं.

कट्!

ती दचकली. तिने आपल्या कानाला हात लावला, मग माझ्याकडे बघितलं. "बाबा, हा वाजला!"

रंगाऱ्याने बाहीने डोळे पुसले. बाईंनीही पदर डोळ्यांना लावला आणि घाम आलाय म्हणून सांगितलं. साहेबांनी रद्दीतल्या पुठ्ठ्याचा तुकडा आणून दिला. मुलीने त्याला एवढ्या चांदण्या पाडल्या, की माझा जबडा दुखायला लागला. पण खरं सांगतो, तशी दुखण्याची मजा मला पुन्हा कधी आली नाही. त्याच संध्याकाळी बाकावरच्या मावशींना आत बोलावून ती रिकामी जागा दिली. भोकं पाडणं हा माझा धंदा, पण त्या दिवशी माझ्या हातून काहीतरी बुजलं.

पुढे साहेबांनी स्वतःच ती प्लायवूडची भिंत काढून टाकली आणि पंखा दोघांचा झाला. दोघं मिळून तारखा जुळवू लागले, तशी लोकांची कार्डं "हरवायची" थांबली.

आता कार्डं गेली. संगणकच दोन्हीकडची नावं ताडून बघतो. बाई निवृत्त झाल्या आणि मी खणात पडून आहे. अंगावर थोडा गंज चढलाय, पण तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्या हातात दोन असतील, तर एक सोडा. बाकावर कुणीतरी बसलेलं असतं. आणि मोठे होऊन खिडकीच्या आत बसलात, तर जुनं मागण्याआधी नवं नीट हातात द्या.

आणि कधी तो खण उघडलात, तर माझ्या सांध्यावर थेंबभर तेल सोडा आणि एकदा दाबून बघा. मी अजून वाजतो.