हादराचा दुसरा गळा

हादरा बँड मोडला तो एका वरातीपायी. अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या चार पोरांनी त्र्याण्णव साली हा बँड काढला होता. मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक, वाजवायचं तर चामड्याचं जाकीट हवंच, असं त्यांनी कुठल्याशा मासिकातल्या फोटोवरून ठरवून टाकलं. चामडं काही परवडेना. मग ड्रमवाल्या गयासुद्दीनच्या वडिलांनी बाळापूरच्या आपल्या गादीघरात स्कूटरच्या सीटचं रेक्झिन कापून चार जाकिटं शिवून दिली. ती घालून ही मंडळी भर मे महिन्यात अमरावतीच्या स्टेजवर उभी राहत, आणि कार्यक्रम संपला की जाकीट अंगातून सोलून काढायला दुसरा माणूस लागे. यांना शहाणं म्हणायची माझी तरी तयारी नाही.

गायक होता देवमन. अकोल्याचा, किडकिडीत, वर्गात हजेरी दिली तरी मास्तरांना ऐकू न जाणारा. माइक हातात आला की त्याच्या पोटातून असा काही आवाज निघे की पहिल्या रांगेतले प्राध्यापक खुर्ची मागे सरकवत. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'भेग', उन्हाळ्यात काळ्या रानाला पडते त्या भेगेवरचं. बेस गिटार मोर्शीच्या संत्रेवाल्या घरातला कुलदीप वाजवायचा आणि मुख्य गिटार कुंदन. ही गोष्ट या कुंदनची आहे.

शहाण्णव साली त्यांची एक कॅसेट निघाली. नव्व्याण्णव साली एका वरातीत वाजवायचं बोलावणं आलं. ऐन वरातीत देवमन म्हणाला, नाचायची गाणी आपण म्हणणार नाही. कुंदनचं तेव्हा नवं नवं लग्न झालं होतं, नोकरीचा पत्ता नव्हता, डोकं तापलेलं. "तुह्या डरकाळीनं कोनाचं पोट भरत नाही," तो म्हणाला. चारचौघांत म्हणाला, नवरदेवाच्या घोड्यासमोर म्हणाला. देवमननं जाकीट काढलं, रस्त्यावर टाकलं आणि अकोल्याची एसटी धरली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

पुढे कुंदन पाटबंधारे खात्यात चिकटला आणि त्याचं पोट भरलं, इतकं की पट्ट्याला दोनदा नवी भोकं पाडावी लागली. बारा वर्षांपूर्वी देवमनच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. कुंदनला हे कळलं होतं. भेटायला जाऊ, जाऊ म्हणता बारा वर्षं गेली. विचारणाऱ्याला तो सुटी मिळत नाही म्हणून सांगे. खरं म्हणजे देवमनसमोर जायला त्याला तोंड नव्हतं.

अशात कोणीतरी ती जुनी कॅसेट इंटरनेटवर चढवली आणि पोरं 'भेग'वर तुटून पडली. जानेवारीत अमरावतीला मोठा कार्यक्रम होता, त्यात हादरानं वाजवावं असं आमंत्रण आलं. तिघेही पन्नाशी ओलांडलेले, पण 'हो' म्हणायला तिघांना मिळून एक मिनिटही लागलं नाही. तालमी गयासुद्दीनच्या गादीघरात सुरू झाल्या. चारी बाजूंनी कापसाच्या थप्प्या, त्यामुळे केवढंही बडवलं तरी शेजारी तक्रार करत नसत.

अडलं ते गायकापाशी. गायक हवा म्हणून त्यांनी कुंदनचा नंबर देऊन इंटरनेटवर जाहिरातही टाकली. कुलदीपनं स्वतः प्रयत्न करून पाहिला, पण दोन ओळींनंतर त्याला रक्तदाबाची गोळी द्यावी लागली. एक कॉलेजचा पोरगा बरा गायचा, पण गाण्यातला वखर म्हणजे काय, असं त्यानं विचारलं आणि गयासुद्दीननं त्याला चहा पाजून परत पाठवलं. कार्यक्रम रद्द करायची वेळ आली तेव्हा कुंदनच्या मोबाईलवर एक रेकॉर्डिंग येऊन पडलं. आख्खं 'भेग', तशाच पोटातल्या आवाजात. तिघांना वाटलं, देवमनचीच जुनी टेप आहे. खाली निरोप होता, "मी प्राजक्ता. देवमन यांची मुलगी. आवाज माझा आहे."

प्राजक्ता सव्वीस वर्षांची, अकोल्यात एका प्रयोगशाळेत माती तपासायची. घरात त्या गाण्यांचं नाव काढायची सोय नव्हती. बाबांनी कॅसेटला कोणाला हात लावू दिला नव्हता, म्हणून ती इंटरनेटवर ऐकून शिकली आणि मातीच्या नमुन्यांच्या खोलीत दार लावून ओरडत राहिली. कुंदनशी फोनवर बोलताना तिनं एकच अट घातली. "काका, बाबाले तुमीच सांगाचं. ते हो म्हनतीन तरच मी येईन. चोरून नाही येनार."

कुंदननं अट मान्य केली आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. ज्याला सव्वीस वर्षांपूर्वी भर रस्त्यात उणा शब्द बोललो, ज्याच्या आजारपणात फिरकलो नाही, त्याच्याच घरी जाऊन त्याचं गाणं आणि त्याची मुलगी दोन्ही मागायची. बायकोनं विचारलं तेव्हा त्यानं सरळ सांगितलं की मला भीती वाटते. ती म्हणाली, वाटलीच पाहिजे.

रविवारी सकाळी तिघेजण अकोल्याला देवमनच्या दारात उभे राहिले. आता इथे ते चुकले, आणि चूकही अशी की आपल्याकडची तीन वडीलधारी माणसंच करू जाणोत. माफी मागायला जायचं म्हणून तिघांनी इस्त्रीचे पांढरे शर्ट घातले होते. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून कुलदीपनं बागेतली संत्र्याची पेटी आणली होती. गयासुद्दीननं मिठाईचा डबा घेतला होता आणि अत्तर लावलं होतं. प्राजक्तानं आईला एवढंच सांगितलं होतं की अमरावतीची मंडळी रविवारी बाबांना भेटायला येणार आहेत. लग्नाच्या वयाची मुलगी घरात असताना एवढं ऐकून कोणती आई काय समजेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

देवमनच्या बायकोनं, चंदावहिनींनी, दार उघडलं ते डोक्यावर पदर घेऊन. बैठकीत नवी चादर होती. देवमन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता, कोऱ्या शर्टाची घडी अजून न मोडलेली. त्यानं कुंदनकडे पाहिलं आणि नजर भिंतीकडे वळवली. कुंदननं प्रवासभर पाठ केलेलं पहिलं वाक्य उच्चारायला तोंड उघडलं, तोच पाण्याचे ग्लास आले. पाणी संपतं न संपतं तोच वहिनींनी मुलीचं शिक्षण सांगायला सुरुवात केली. एमएस्सी, पहिला वर्ग, घरकामात तरबेज, पुरणपोळी तर अशी की विचारू नका. आणि तुमचे चिरंजीव पुण्याला कोणत्या कंपनीत असतात?

कुंदनचे चिरंजीव खरोखरच पुण्याला होते. भलत्याच गल्लीत शिरलो, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. त्यानं मदतीसाठी गयासुद्दीनकडे पाहिलं. गयासुद्दीननं चार मुलींची लग्नं लावली होती. अशा बैठकीत बसल्यावर माणसानं कसं वागायचं हे त्याच्या अंगात मुरलं होतं, आणि अंगात मुरलेलं काही डोक्याला विचारून बाहेर येत नाही. त्यानं घरात मंडळी किती, मूळ गाव कोणतं, अशी रीतसर चौकशी सुरू केली. कुलदीपनं मुलीची उंची विचारली. कुंदननं त्याच्या पायावर पाय दिला.

प्राजक्ता पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. आईनं तिला साडी नेसवली होती. आपण कशात सापडलो हे तिला सकाळीच कळलं असणार, कारण तिचा चेहरा रागानं लाल होता. पोह्याची बशी देताना तिनं कुंदनच्या डोळ्यांत पाहिलं. सांगितलं का, हा त्या पाहण्याचा सरळ अर्थ होता. कुंदननं मान खाली घातली आणि पोह्यातला शेंगदाणा शोधू लागला. हा माणूस एकेकाळी तीन हजार लोकांसमोर गिटार दातांनी वाजवायचा.

बैठक शांत झाली. शांतता गयासुद्दीनला कधीच सहन झाली नाही, म्हणून तर तो ड्रमवाला. अशा वेळी विचारायचा शेवटचा ठरलेला प्रश्न त्यानं सवयीनं विचारून टाकला.

"बेटा, गानं-गिनं येते का?"

वहिनी हसून म्हणाल्या, भजन म्हणते, आवाज मोठा गोड आहे. प्राजक्तानं ट्रे खाली ठेवला. तिनं एकदा बापाकडे पाहिलं, पदर खोचला, पाय फाकवून उभी राहिली आणि 'भेग' सुरू केलं.

"फाट, काळे, फाट! माझ्या पायाखाली फाट!"

खिडकीवरची चिमणी गेली. शेजारच्या गच्चीवर कोणाचं तरी भांडं पडलं. वहिनींच्या एका हातातली चहाची किटली आणि दुसऱ्यातली कपबशी हवेतच राहिली; तिसरा हात असता तर तो त्यांनी तोंडावर नेला असता. कुलदीपची बोटं गुडघ्यावर आपोआप चालू लागली. कुंदनला मात्र देवमनकडे पाहायची हिंमत होत नव्हती. गाणं संपलं तेव्हा प्राजक्ताला धाप लागली होती आणि तिचे डोळे भरले होते. "बाबा, मले यायच्या बँडमंदी गाचं आहे," ती म्हणाली. "हे तेच विचाराले आले होते."

देवमन उठला. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा त्याचा आवाज होता. ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. तो मुलीशी नाही, कुंदनशी बोलला.

"गानं मांगाले आला. बारा वर्सांत मी जितो का मेलो, ते पाहाले नाही आला."

सुटी मिळाली नाही, हे कुंदनच्या ओठांवर आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. आता हा आपल्याला घराबाहेर काढणार, काढलंच पाहिजे, असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं पोह्याची बशी खाली ठेवली आणि चपलांकडे पाहिलं.

देवमन मुलीकडे वळला. त्यानं आपला पंजा तिच्या बरगड्यांखाली, पोटावर ठेवला.

"दुसऱ्या कडव्याले दम उशिरा घेतला तू. अठून घे. आदी घे. पुन्हा म्हन."

प्राजक्तानं डोळे पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. गयासुद्दीननं मिठाईचा डबा उलटा केला आणि त्यावर ठेका धरला. मिठाई चादरीवर सांडली, पण वहिनींनाही त्याचं भान राहिलं नाही. देवमन मुलीसमोर उभा होता. त्याचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते आणि मानेच्या शिरा तशाच ताणल्या होत्या, जशा तेव्हा ताणल्या जायच्या. आवाज तेवढा तिच्या तोंडातून येत होता. दुसरं कडवं आलं, त्यानं हात उचलला, तिनं दम घेतला, आणि तो असा बरोबर बसला की कुंदनला रडू फुटलं. त्यानं ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. तो उठून देवमनच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"चुकलो मी, देवमन," तो म्हणाला.

देवमननं त्याच्याकडे मान वळवली नाही. फक्त दुसऱ्या हातानं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"गानं चालू हाय," तो म्हणाला. "मधात बोलू नोको."