मी, खटपटीची तलवार पुसणारा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे, हे आधीच सांगतो. त्या जातीशी माझे काही नाते नाही. मी चित्रकाराचा ब्रश, आणि तोही फक्त पांढऱ्या रंगाचा. मऊ केस, लाकडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला दातांच्या खुणा. त्या खुणा चित्रकारकाकांच्या. काही सुचेनासे झाले की ते मला चावत. मला राग येई, पण काकांना सुचले की इतके सुंदर सुचे की मी तो गिळून टाकी.

आमचा छापखाना मूळचा औषधांच्या लेबलांचा. मोठ्या कागदातून लेबले कापून झाली की कडेला कागदाच्या पट्ट्या उरत. त्या पाहून मालकांचा जीव हळहळे. शेवटी त्यांनी त्या पट्ट्यांवर मुलांसाठी चित्रकथा छापायला घेतल्या. पुस्तक हाताच्या पंजाएवढे, पाने सोळा. नायिका एक दोन वेण्यांची, गुडघे फुटलेली मुलगी. तिचे नाव खटपटी. पहिला अंक चार दिवसांत हातोहात खपला, आणि पुढे लेबले मागे पडून खटपटीसाठी नवा कागद येऊ लागला.

ती वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. चित्रकारकाका काळ्या शाईने चित्र काढत आणि अगदी शेवटी मला हातात घेत. राक्षसाच्या डोळ्यांतली चमक, समुद्राचा फेस, खटपटीच्या दातांतली फट, हे सगळे माझे काम. शेजारच्या टेबलावर काकांची बायको बसे. चित्रांतल्या फुग्यांमध्ये माणसे जे बोलतात ती अक्षरे ती लिही, म्हणून सगळे तिला अक्षरकाकू म्हणत. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग कायमचा बसला होता. काकांनी राक्षसाच्या तोंडी लांबलचक भाषण घातले की ती चष्मा वर सारून म्हणे, "अहो, याला जरा दम घेऊ द्या! फुगा फुटेल माझा." आमच्या खोलीत एक रीत होती: ज्याने चित्र काढले, त्यानेच ते दुरुस्त करायचे. दुसऱ्याच्या पानाला कुणी हात लावत नसे.

मग एके दिवशी कुठल्याशा गावात एका मुलाने छत्री उघडून भिंतीवरून उडी मारली आणि हात मोडून घेतला. त्याच्या दप्तरात चित्रकथा सापडली. आमची नव्हती, पण सुक्याबरोबर ओलेही जळते. वर्तमानपत्रांत पत्रे आली, शाळांनी चित्रकथांवर बंदी घातली. सरकार कायदा करणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा पाच प्रकाशक एकत्र बसले आणि त्यांनी ठरवले की कुणी आपला कान धरण्याआधी आपणच तो धरावा. त्यांनी एक मंडळ नेमले आणि एकवीस नियम केले. नियमांत बसणाऱ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दिव्याची छोटी खूण छापली जाई. खूण नसलेले पुस्तक दुकानदार ठेवत नसत. एका प्रकाशकाने हट्टाने खुणेशिवाय अंक काढला, तर त्याचे गठ्ठे सुतळीही न सोडता परत आले.

तेव्हापासून माझे काम वाढले. नियम चौथा, हत्यार दिसू नये. मी खटपटीच्या हातातली तलवार पुसली. राक्षस मात्र पुढच्या चित्रात तसाच थरथर कापत पळत होता, कारण त्याला पुसायचा नियम नव्हता! महिनाभराने एका मुलाचे पत्र आले: "खटपटीच्या मुठीत काय आहे ते दिसत नाही. मला वाटतं मुंगी असेल. राक्षस मुंगीला भितात का?" आमच्या अंकांचे काम बघणाऱ्या संपादकबाईंनी ते मोठ्याने वाचले आणि सगळी खोली पोट धरून हसली. पुढच्या अंकात काकांनी खरोखरच मुंग्यांची फौज काढली. मंडळाला मुंग्यांत काही वावगे दिसले नाही.

त्यानंतरच्या वर्षी अक्षरकाकू आजारी पडली. तिची लेक तेव्हा आठ वर्षांची होती. काकू सहा महिने अंथरुणाला खिळून होती आणि मग ती गेली.

काका पंधरा दिवसांनी कामावर आले. त्यांनी एक नवी गोष्ट काढायला घेतली. काम घरी न्यायचे म्हणून मलाही डब्यातून नेले. गोष्टीत खटपटीची आई आजारी पडते. खटपटी सात डोंगर ओलांडून औषध आणते, पण उशीर झालेला असतो. शेवटच्या पानावर खटपटी आईच्या उशाशी बसली होती. आईला चष्मा होता आणि तिच्या मधल्या बोटावर शाईचा डाग होता. लेक काकांच्या खांद्याला टेकून ते पान बघत राहिली. किती तरी दिवसांनी ती पोटभर रडली आणि मग जेवली.

मित्रांनो, नियम अकरावा सांगत होता की आईवडिलांचा मृत्यू दाखवू नये.

संपादकबाई मंडळापुढे भांडून आल्या. मंडळात एक शाळामास्तर होते, ते काही दुष्ट नव्हते. त्यांनी एवढेच विचारले होते, "एखाद्या पोराची आई आजारी असेल आणि त्यानं हे वाचलं तर?"

"अशाच पोरासाठी काढलंय मी," काका म्हणाले.

मालक खुर्चीत मान खाली घालून बसले होते. "मला कळतं रे. पण खूण नाही मिळाली तर गठ्ठे परत येतील. खाली छपाईला वीस माणसं आहेत."

संपादकबाई हळूच म्हणाल्या, "तेवढा कोपरा ब्लेडनं कापू, वर नवा कागद चिकटवू. मी करते, तुम्ही बघू नका."

"ब्लेड नको," काका म्हणाले. "माझं पान आहे. मीच करतो."

त्यांनी मला रंगात बुडवले. मी आधी उशी झाकली, मग केस, मग चष्मा. बोटापाशी आल्यावर त्यांचा हात थांबला आणि त्यांनी मला चावलेसुद्धा नाही. ते बोट मी शेवटी झाकले. मला नाही म्हणता आले असते तर मी म्हटले असते. रिकाम्या जागेवर दुसऱ्याच कुणी तरी अक्षरे लिहिली: "आई मावशीकडे गेली आहे."

अंक छापून घरी आला. लेकीने शेवटचे पान उघडले. "बाबा, यात आपली आई कुठंय?" काका उठून खिडकीपाशी गेले. लेकीने अंक मिटून ठेवला आणि त्यानंतर त्यांचे एकही पुस्तक उघडले नाही.

पुढे नियम चाळीस झाले. खटपटी हात धुऊ लागली, रांगेत उभी राहू लागली. ती इतकी गुणी झाली की मुलांना तिचा कंटाळा आला. चित्रकथा बंद पडल्या आणि छापखाना पुन्हा लेबलांकडे वळला. मी डब्यात पडून राहिलो. शेवटच्या वेळी मला कुणी धुतले नव्हते, त्यामुळे माझे केस दगडासारखे घट्ट झाले. काकाही गेले. डबा लेकीकडे आला, पण तिने तो उघडला नाही.

गेल्या महिन्यात छापखान्याचा माळा रिकामा करताना मूळ चित्रांचा गठ्ठा निघाला. थकलेल्या संपादकबाई तो घेऊन स्वतः आल्या. लेकीचे केस आता पिकले आहेत. बाईंनी शेवटचे पान वर काढले आणि म्हणाल्या, "मी ब्लेडनं कापणार होते गं. त्यांनी कापू दिलं नाही."

लेकीने पान खिडकीच्या उजेडात धरले. पांढऱ्या डागाआड काळ्या रेषा होत्या. काकांची शाई पक्की, पाण्याला दाद न देणारी. माझा रंग मात्र पाण्यात सुटणारा. काका हे जाणून होते. लेकीने डबा उघडला, मला कोमट पाण्यात तासभर ठेवले, बोटांनी माझे केस मोकळे केले आणि ओल्या टोकाने तो डाग अलगद पुसायला घेतला. वरची अक्षरे रंगाबरोबर निघून गेली. आधी उशी दिसली, मग केस, मग चष्मा. शेवटी ते बोट.

"बाबा," ती म्हणाली, "सांगायचं तरी होतं." आणि आठ वर्षांची असताना रडली होती तशी ती रडली.

मित्रांनो, ब्रश वापरून झाला की धुऊन, पुसून, आडवा ठेवा. ही माझ्या स्वार्थाची विनंती झाली. दुसरी तुमच्यासाठी आहे. कुणी तुमच्यापासून काही झाकले, तर एकदा विचारून गप्प बसू नका, पुन्हा विचारा. या घरात लेकीने एकदाच विचारले आणि बापाने एकदाही सांगितले नाही. तेवढ्यात चाळीस वर्षे गेली.