गाडी पिवळी होईना

चंपतरावांना एकाच गाडीतून दोन गाड्यांचं भाडं काढायचं होतं, म्हणून त्यांनी हैदराबादहून रंग बदलणारी व्हॅन आणली. सकाळी शाळेच्या पोरांसाठी पिवळी, दुपारनंतर लग्नाच्या वऱ्हाडासाठी पांढरी. कागदांवरही त्यांनी दोन्ही रंग लिहून घेतले होते. रंगासाठी बटण मात्र कुठेच नव्हतं. गाडीसमोर उभं राहून पंजा सपाट धरायचा, मनात एक-दोन-तीन म्हणेपर्यंत हलवायचा नाही, मग हात उजवीकडे न्यायचा. काचेमागचा कॅमेरा खूण ओळखायचा आणि गाडी पिवळी व्हायची. डावीकडे नेला की पांढरी. साधं बटण ठेवलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं, हे विचारायची सोय नव्हती. चंपतराव स्वतःच येता-जाता हात फिरवून बघत, आणि आपल्याकडे कोण कोण बघतंय तेही बघत.

गाडी चालवायची होती पंढरीने. तामसीकडच्या खेड्यांतली पोरं आदिलाबादच्या शाळेत न्यायचं काम तो बारा वर्षं करत होता. त्याच्या हातून गाडीचा कधी आरसासुद्धा फुटला नव्हता. आया पोरांना गाडीत बसवून मागे वळूनही बघत नसत, एवढा त्याच्यावर भरवसा. शेत भावाकडे गेलं होतं, मुलगा निजामाबादला संसार करत होता. स्वतःचं म्हणावं असं पंढरीकडे काही होतं तर हा भरवसा होता, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

पहिल्याच सकाळी गावाच्या चौकात पोरं आणि आया जमल्या. पंढरीने ऐटीत पंजा धरला. गाडी पिवळी झाली, लगेच पांढरी झाली, पुन्हा पिवळी झाली आणि शेवटी तोंड पिवळं, पाठ पांढरी अशी अडकून बसली.

"मामा, पोळ्याचा बैल केला गाडीचा!" पोरं खिदळली.

पंढरीने परत हात धरला. गाडीने परत तोच खेळ केला. शेवटी शुभांगी पुढे आली. ती मंडल कार्यालयात कारकून होती आणि रोज मुलगी प्रगतीला गाडीत बसवून मग बसने कामावर जाई. तिने पंजा धरला, हात नेला, गाडी पिवळीधमक.

"मशीनलेबी बायाच पसंत हायेत वाटते," पंढरी म्हणाला. सगळे हसले. तोही हसला आणि त्याने उजवा हात खिशात घातला.

त्याचा तो हात चार महिन्यांपासून थरथरत होता. स्टिअरिंग घट्ट धरलं की थांबायचा, म्हणून पंढरीच्या मते तो आजारच नव्हता. वारं लागलं असेल, वय झालं असेल, उगाच कशाला बोभाटा. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

आठवडाभर असंच चाललं. कधी शुभांगी, कधी दुसरी एखादी आई गाडी पिवळी करून देई. मशीनच खराब आहे, असा गावाने निकाल दिला. चंपतरावांनी फोनवरून कंपनीचा उद्धार केला. पंढरीने गप्प तरी बसावं! पण "उन्हानं कॅमेरा बिघडला असन, मालक," असं तोही म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण काय त्याला ठाऊक नव्हती? तरी तो अंगणालाच नावं ठेवत राहिला.

संध्याकाळी त्याच्या बायकोने, जयवंताबाईने, त्याच्यासमोर चहा ठेवला.

"मशीन खराब हाय म्हनून गावभर सांगून राह्यले तुमी?" तिने विचारलं.

"हायच खराब."

"चार महिन्यापासून मी तुमाले अर्धाच कप चहा देऊन राह्यली. भरून देला तं सांडते. गाडीले समजलं, मले समजलं. तुमालेच काऊन समजून नाही राह्यलं?"

पंढरी कपाकडे बघत राहिला. "मले वाटलं दूध महाग झालं म्हनून अर्धा देतेस," तो म्हणाला. ते खरंच होतं.

"डाक्टरकडे चला."

"डाक्टर गाडी सोडाले लावन."

"लावन तं लावन."

"मंग माह्याजवळ काय उरलं वं?"

जयवंताबाई उठून चुलीकडे गेली. पंढरीला मात्र कालचं वळण आठवलं. तिथे स्टिअरिंगवरचा हात सुटला होता आणि समोरची बैलबंडी वीतभर अंतराने वाचली होती. गाडीत पोरं गाणी म्हणत होती, त्यांना कळलंही नव्हतं. ही गोष्ट त्याने बायकोलासुद्धा सांगितली नाही. त्याला स्वतःचीच भीती वाटली.

दुसऱ्या सकाळी कंपनीचा माणूस चौकात हजर झाला. सोबत चंपतराव होते. त्या माणसाने कॅमेरा पुसला, मोबाईल जोडून तपासला आणि म्हणाला, "कैमरा तो एकदम ठीक है। थोड़ा ढीला कर देता हूँ। अब कैसा भी हाथ चलेगा।"

त्याने मोबाईलवरून कॅमेऱ्याची पारख ढिली केली. पंढरीने पंजा धरला, आणि गाडी मुकाट पिवळी झाली. पंढरीचा जीव भांड्यात पडला आणि त्याने हात पुन्हा खिशात घातला. आता कुणाला काही सांगायची गरजच नव्हती.

तेवढ्यात गाडीत बसलेल्या प्रगतीने टाटा केला. समोर उभ्या आयांनी हात हलवले, आणि गाडी पांढरी झाली. कुणीतरी घोंगडी झटकली, ती पिवळी झाली. एका म्हातारीने कोंबडी हुसकली, तर पुन्हा पांढरी! चंपतराव खवळले.

"असी गाडी शाळेत नेऊ का मी? रस्त्यानं पोलीस धरन!"

"फिर टाइट करना पड़ेगा," तो माणूस म्हणाला. "मगर बाकी सबका हाथ चल रहा है। एक इनका ही क्यों नहीं चलता?"

चंपतरावांनी पंढरीच्या खांद्यावर हात टाकला. "ए बाबा, इनके हाथ में खोट मत निकालो। बारह साल में एक खरोंच नहीं आई।"

"आमी आमचे लेकरं देतो त्याह्यच्या हातात," शुभांगीही तडकून म्हणाली. "मशीनच तुमचं खराब हाय."

दुसऱ्या कुणी दोष दिला असता तर पंढरी भांडला असता. पण ही दोघं त्याच्या बाजूने उभी राहिली आणि त्याला ते सहन झालं नाही. त्याने हात खिशातून काढून सगळ्यांसमोर धरला. बोटं थरथरत होती.

"मशीन चांगलं हाय, मालक. माहा हात हालते."

"कवापासून?" शुभांगीने विचारलं.

"चार महिने झाले. परवा वळनावर हात सुटला होता. एक बैलबंडी थोडक्यात वाचली."

शुभांगीचा चेहरा पांढराफटक पडला. "माही पोरगी मागं बसली होती, मामा. अन् तुमी मले रोज जयभीम करून, हासून गाडी घेऊन जाऊन राह्यले?"

तिने प्रगतीला हाताला धरून खाली उतरवलं. दुसऱ्या आयांनीही आपापली पोरं उतरवली. पंढरीने किल्ली चंपतरावांच्या हातात दिली.

चंपतरावांनी आपला ट्रॅक्टरवाला देवानंद याला बोलावून घेतलं. कंपनीच्या माणसाने कॅमेरा पुन्हा घट्ट केला. देवानंदने पंजा धरला आणि गाडी पिवळी झाली. पण प्रगती दारातच अडून बसली. मामा नाही तर मीही नाही, म्हणाली. तिचं बघून बाकीचीही अडली.

मग शुभांगी पंढरीकडे न बघता म्हणाली, "तुमी मागं बसा लेकराईजवळ. देवानंदले घरं माहीत नाहीत. माफ केलं म्हनून नाही सांगत मी."

"नका करू, ताई," पंढरी म्हणाला आणि पोरांच्या दाराने, वाकून, आत चढला.

गाडी सुटली. त्याचा हात मांडीवर उघडाच होता.

"मामा, तुमचा हात काऊन हालते?" प्रगतीने विचारलं.

"मले नाही माहीत, माय. आज डाक्टरले इचारतो."

"डाक्टर म्हनले का गाडी नका चालवू, तं?"

"तं नाही चालवायची," पंढरी म्हणाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोरांसमोर त्याला रडू फुटलं.